काळ्या मातीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक कसे बसवावेत

घरापुढचे पेव्हर ब्लॉकचे अंगण एक-दोन पावसाळ्यांनंतर खचू लागले, गाडीच्या चाकांखाली चाकोऱ्या पडल्या आणि मधोमध पाणी साचू लागले, तर मराठवाड्यात दोष बहुधा ब्लॉकला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा ब्लॉकखालच्या जमिनीत असते. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, आणि दरवर्षी हे चक्र पुन्हा सुरू होते. अशा हलत्या जमिनीवर थोडी वाळू पसरून ब्लॉक मांडले, तर ते कितीही मजबूत असले तरी टिकून राहणार नाहीत. म्हणून ब्लॉकचा रंग आणि नक्षी निवडण्यापूर्वी पायासाठी किती पैसे बाजूला ठेवायचे, हे ठरवावे. काटकसर करायचीच असेल तर ती रंगात करावी, मुरमात करू नये.

काम दिवाळीनंतर, हिवाळ्यात काढणे सर्वांत सोयीचे. तेव्हा माती चिखल झालेली नसते आणि मे महिन्यासारखी भेगाळलेलीही नसते. शिवाय मुरूम दाबण्यासाठी भरपूर पाणी लागते, आणि ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे हे पाणी मिळत नाही, मग कोरडाच मुरूम दाबला जातो.

सुरुवातीला अंगणात एका कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा घेऊन खाली काय आहे ते पाहावे. बालाघाटाच्या माथ्यावरील गावांत अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो, आणि तसे असेल तर वरची माती काढून टाकली की निम्मे काम झाले. गोदावरीकाठच्या पट्ट्यात मात्र काळी माती इतकी खोल असते की ती सगळी काढणे शक्य नसते. तेथे तिच्यावर न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर देणे हाच मार्ग उरतो.

आता आखणी. दोन कडा काटकोनात आहेत की नाही हे 3, 4 आणि 5 फुटांच्या मापाने तपासावे: एका कडेवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजले असता तिरके अंतर बरोबर 5 फूट भरले पाहिजे. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणाव्यात आणि पाणपातळीच्या नळीने उतार ठरवावा. उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, दर फुटाला पाव इंच असावा, म्हणजे 20 फूट लांबीच्या अंगणात घराच्या बाजूपेक्षा फाटकाची बाजू 5 इंच खाली येईल. तयार अंगण घराच्या जोत्याच्या माथ्यापासून किमान 6 इंच खाली राहील असे पाहावे, नाहीतर पावसाचे शिंतोडे आणि ओल भिंतीत चढते. बोअरचा पाईप, सांडपाण्याची नळी, फाटकाच्या दिव्याची वायर, जे काही जमिनीखालून न्यायचे असेल ते याच वेळी न्यावे.

खोदाईची खोली थरांच्या बेरजेवरून काढावी. चारचाकी उभी राहणार असेल आणि खाली काळी माती असेल, तर 300 मिमी मुरूम, 100 मिमी खडीचा थर, 30 मिमी वाळू आणि 60 मिमी ब्लॉक असे मिळून 490 मिमी, म्हणजे दीड फुटाहून थोडी अधिक खोली होते. खाली पक्का मुरूमच लागला असेल तर मुरमाचा थर 150 मिमी पुरतो. खड्ड्याच्या तळालाही वर ठरवलेला उतारच द्यावा. तळ सपाट ठेवून पुढे वाळू कमी-जास्त करून उतार काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण जेथे वाळू जाड तेथेच ब्लॉक पुढे खचतात. तळाशी जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड अंथरता आले तर अवश्य अंथरावे, कारण त्यामुळे ओली माती वर मुरमात मिसळत नाही.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवणे हे सर्वांत महागात पडणारे काम आहे. प्लेट कॉम्पॅक्टरचा, म्हणजे सपाट तळाच्या दाबयंत्राचा, दाब फार खोल पोहोचत नाही, म्हणून मुरूम 75 ते 100 मिमीच्या थरांत पसरावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे आणि तो पूर्ण दबल्यावरच पुढचा घ्यावा. मूठभर मुरूम दाबला असता त्याचा गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतकीच ओल हवी. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत, जेथे यंत्र पोहोचत नाही तेथे, हाताच्या धुमसाने ठोकावे. मुरूम पिवळसर आणि खरखरीत असावा. हातात चिकट लागणारा, मातीमिश्रित मुरूम स्वस्तात मिळाला तरी परत पाठवावा. हिशेबासाठी एक उदाहरण देतो: 10 बाय 20 फुटांच्या जागेत दाबलेला 1 फूट मुरूम म्हणजे 200 घनफूट, अर्थात 2 ब्रास होतो, आणि दबल्यावर घट होत असल्यामुळे सुटा मुरूम अडीच ब्रास मागवावा लागतो.

मुरमावर खडीचा थर येतो. तो नुसत्या 20 मिमी खडीचा नसावा, कारण तिच्यातील पोकळ्यांमधून वरची वाळू हळूहळू खाली झिरपते. मोठी खडी, बारीक खडी आणि चुरी यांचे मिश्रण ओले करून दाबले की पृष्ठभाग घट्ट बसतो.

ब्लॉक मांडण्यापूर्वी कडा बांधाव्यात. कर्ब स्टोन, म्हणजे कडेचे उभे दगड, काँक्रीटमध्ये पक्के बसवून त्यांना बाहेरून काँक्रीटचा टेकू द्यावा. कड मोकळी राहिली तर गाडी वळताना बाहेरची रांग सरकते आणि तिच्यामागे सगळी जुळणी सैल होते.

ब्लॉक घेताना भारतीय मानक आयएस 15658 विचारावे. घराच्या अंगणात गाडीसाठी 60 मिमी जाडीचा, एम-35 ग्रेडचा (ग्रेड म्हणजे काँक्रीटची ताकद) ब्लॉक पुरतो, तर मालाने भरलेला ट्रॅक्टर किंवा टेम्पो आत येणार असेल तर 80 मिमी, एम-40 घ्यावा. ब्लॉक 28 दिवसांचे असावेत आणि त्यांच्यावर पाणी मारले गेले असावे. एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे धरून 5 ते 10 टक्के जास्त मागवावेत.

वाळूच्या थरासाठी धुतलेला, भरड क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, वापरावा. पिठासारखी बारीक डस्ट पाणी धरून ठेवते आणि ब्लॉकखाली गारा होते. एक इंचाच्या दोन पाईपा समांतर ठेवून त्यांवरून सरळ फळी ओढली की वाळू सारखी पसरते. नंतर पाईपा काढून त्यांच्या खाचा वाळूने भराव्यात. या वाळूवर चालू नये आणि ती आधी दाबूही नये.

मांडणी सरळ कडेपासून, दोरी धरून सुरू करावी आणि बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकावे. आयताकृती ब्लॉक असतील तर गाडीच्या जागेत हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी काटकोनी, नक्षीच घ्यावी, कारण तिच्यात ब्लॉक एकमेकांना सर्व दिशांनी अडवतात. सांधा 2 ते 4 मिमी ठेवावा. कडेला ब्लॉकच्या एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा बसवू नये. कटर चालवताना पाणी सोडावे आणि नाकातोंडावर मास्क बांधावा, कारण काँक्रीटची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. दारात रोज सडा-रांगोळी होत असेल, तर उंबऱ्यासमोर दोन शहाबादी फरश्यांची जागा राखावी. ब्लॉकच्या सांध्यांवर रांगोळी नीट उमटत नाही. अंगणात कडुनिंब असेल तर बुंध्याभोवती मोकळी माती ठेवावी, नाहीतर मुळे ब्लॉक उचलतात.

सगळे ब्लॉक बसले की कोरड्या पृष्ठभागावरून प्लेट कॉम्पॅक्टर दोनदा फिरवावा, फुटलेले ब्लॉक बदलावेत, मग बारीक कोरडी वाळू पसरून झाडूने सांध्यांत भरावी आणि पुन्हा यंत्र फिरवावे. सांधे काठोकाठ भरेपर्यंत हे चालू ठेवावे. सांध्यांत सिमेंट मात्र भरू नये, कारण जमीन थोडी हलली तरी ते तडकते.

उतारावरून येणारे पाणी शोषखड्ड्याकडे वळवावे, पण काळ्या मातीत तो खड्डा अंगणाच्या कडेलगत नसावा, नाहीतर कडेची माती फुगून कर्ब वर येतात. दरवर्षी मृगाच्या आधी सांधे पाहून वाळू भरावी. एखादी जागा खचलीच, तर तेवढेच ब्लॉक उचलून आधी गळकी नळी किंवा तुंबलेले पाणी शोधावे, खालचा थर काढून पुन्हा ओला करून दाबावा आणि तेच ब्लॉक परत बसवावेत.