मोठी चूक झाली, आता राजीनामा द्यायचा? या चुका टाळा

३१ मार्चच्या संध्याकाळी शेतकरी गावच्या सेवा सोसायटीत पीककर्जाची रक्कम भरतो. गटसचिव पावती फाडतो, पण पैसे त्या दिवशी बँकेत जायचे राहतात. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकेचे व्यवहार बंद, म्हणून भरणा होतो २ तारखेला. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत हुकते आणि माणूस थकीत यादीत जातो. मे महिन्यात तो नव्या कर्जासाठी येतो आणि विचारतो, "भाऊ, पावती तं हाये माह्याजवळ, मंग मी थकीत कसा?"

विदर्भातल्या खेड्यांत अशा कामांवर कितीतरी जण आहेत: पतसंस्थेचा रोखपाल, जिनिंगमधला काट्यावरचा माणूस, तूर खरेदी केंद्रावरचा ग्रेडर, सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन कामे करून देणाऱ्या गावच्या केंद्रावर) पीकविम्याचे अर्ज भरणारा पोरगा. त्यांच्या हातून चूक झाली की कुणाची तरी पेरणी अडते. म्हणून अपराधीपण फार टोचते, आणि पहिला विचार येतो तो राजीनाम्याचा. विचार प्रामाणिक असतो. पण राजीनाम्याने त्या शेतकऱ्याचे खाते दुरुस्त होत नाही.

दुरुस्तीआधीच खुर्ची सोडणे

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. कोणती पावती कधी फाडली, रक्कम कुठे अडकली, हे ज्याला ठाऊक आहे तोच निघून गेला, तर नवीन माणसाला कागद समजून घ्यायलाच आठवडे लागतात. मृग काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी पावतीची मूळ प्रत, स्थळप्रत (संस्थेकडे राहणारी प्रत), त्या दिवसाची किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बँकेचे भरणा चलन एका टेबलावर मांडा. काय घडले ते तारीखवार लिहा. एक अर्ज संस्थेच्या अध्यक्षांना, एक बँकेच्या शाखेला द्या आणि दोन्हीची पोच घ्या. शेतकऱ्याचा दोष नाही हे त्या अर्जात स्पष्ट शब्दांत आले पाहिजे, कारण पुढे त्याला तोच कागद कामी येणार आहे.

मग त्याच्या घरी स्वतः जा. हे जड जाते, पण टाळू नका. बाजाराच्या दिवसापर्यंत त्याला तिसऱ्याच्या तोंडून कळणारच आहे. शहरात नोकरी सोडलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. आपल्याकडे एसटी स्टँड तोच, पोळा तोच, लग्नाची पंगतही तीच. न सांगता सोडून गेलात तर मागे एकच वाक्य उरते, "काही खाल्लं असन, म्हणून तं पयाला." ते मुलाबाळांनाही ऐकावे लागते. थांबून खाते नीट करून दिलेल्या माणसाला लोक शिव्या देतील, पण चोर म्हणणार नाहीत.

रात्रीतून खाडाखोड

तारीख बदलणे, पान फाडणे, जुनी पावती नव्याने लिहिणे यातले काहीही करू नका. चूक, हलगर्जीपणा आणि अपहार या चौकशीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खाडाखोड केली की पहिलीतला माणूस स्वतःच्या हाताने तिसरीत जाऊन बसतो.

गुपचूप स्वतःचे पैसे भरणे

कॅश कमी आली म्हणून बायकोची पोत गहाण टाकून रातोरात रक्कम पुरी करणारे लोक आहेत. हेतू चांगला असतो, पण नोंदीशिवाय आलेले पैसे पुढे लेखापरीक्षणात संशय वाढवतात. भरायचेच असतील तर लेखी ठरवून आणि पावती घेऊन भरा. नुकसान पगारातून कापायचे म्हटले, तरी आधी तुमचे म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ती मागून घ्या.

"राजीनामा लिहून दे, इथंच मिटवू"

या वाक्यावर सही करू नका. सहकारी संस्थेत राजीनाम्याने जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ८३ खाली चौकशी होते, आणि कलम ८८ खाली माजी अधिकाऱ्यांवरही वसुली निश्चित करता येते. कोऱ्या कागदावर सही नको. "माझ्याकडून अपहार झाला" असे सांगून लिहवून घेत असतील, तर आधी वकिलाला दाखवा.

सरकारी नोकरी असेल तर आणखी थांबा. नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या, जुन्या पेन्शनमधल्या माणसाने राजीनामा दिला, तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार आधीची सेवा जप्त होते. वीस वर्षे झाली असतील तर स्वेच्छानिवृत्ती हा वेगळा मार्ग आहे. तो आधी विचारून पाहा. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षे सलग लागतात, पीएफच्या पेन्शनसाठी दहा. पाचवे वर्ष पुरे व्हायला चार महिने असताना रागाच्या भरात अर्ज देऊन घराचे नुकसान करू नका.

घरी न सांगणे

जेवण जात नाही, झोप नाही, आणि विचारले तर "काही नाही." कृपा करून असे राहू नका. बायकोला, भावाला, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला पूर्ण रक्कम आणि पूर्ण गोष्ट सांगा. जीव नकोसा वाटायला लागला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते. रकमेचा हिशेब उद्याही करता येईल, तो फोन आजच करा.

मग सोडायचे कधी? वरचे लोक चूक लपवायला किंवा खोटी सही करायला लावत असतील, तर तिथे थांबू नये. तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल, काम झेपत नसेल, तर आधी टेबल बदलून मागा; नाही मिळाले तर सोडा. दुरुस्ती पूर्ण झाल्यावरही लोक तुमच्या हातात पैसे द्यायला कचरत असतील, तर दूर होणे त्यांच्याही सोयीचे. पण एकच चूक, तीही कबूल केलेली आणि निस्तरलेली असेल, तर राजीनामा द्यायची गरज मला तरी दिसत नाही.

सोडायचे ठरलेच तर राजीनाम्यात फक्त तारीख आणि नोटिशीचा कालावधी लिहा, चुकीचा खुलासा वेगळ्या पत्रात ठेवा. चार्ज देताना कॅश समोरासमोर मोजा, वापरात असलेल्या पावती पुस्तकांचे शेवटचे नंबर, किल्ल्या आणि अर्धवट राहिलेली प्रकरणे यादीत नावानिशी लिहा, आणि दोघांच्या सह्या झालेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा.