नॅनो युरियाची बाटली कपाशीला कशी मारावी

आमची कपाशी चोपडा तालुक्यात, काळ्या रानात. खताच्या केंद्रावर नॅनो युरियाची, म्हणजे पानांवर फवारायच्या पातळ युरियाची, बाटली हातात देताना सांगितलं, "एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी, भाऊ." घरी येऊन हिशेब मांडला. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या जुन्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम. नव्या 'नॅनो युरिया प्लस'मध्ये २० टक्के, तरी १०० ग्रॅमच. आता २० किलोची भूक शंभर ग्रॅमवर भागते का, ते तुम्हीच बघा.

तरी बाटली टाकाऊ नाही. गोणीतला बराच युरिया पिकाला लागतच नाही. थोडा हवेत उडतो, थोडा पावसासोबत झिरपून विहिरीत उतरतो. नॅनोचे कण २० ते ५० नॅनोमीटरचे, ते पानाच्या छिद्रांतून आत जातात. म्हणजे हे खत पानाचं, मुळाचं नाही. लागवडीच्या वेळचा डोस आणि शेणखत यात हात आखडू नका. कमी करायचा तो वरून टाकायचा युरिया, आणि तोही पहिल्या वर्षी निम्माच.

पहिली फवारणी उगवल्यावर ३० ते ३५ दिवसांनी, रान पानांनी झाकू लागलं की. दुसरी त्यानंतर २०-२५ दिवसांनी, फुलं लागायच्या आत. लिटरला २ ते ४ मिली. मी ४ धरतो, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६० मिली. एकरी साधारण आठ पंप होतात आणि बाटली संपते. बाटली आधी चांगली हलवा. झाकणाने अंदाजे ओतू नका, लेकराच्या औषधासोबत येतं तसलं मापाचं कप ठेवा.

वेळेचं मात्र ऐका. सकाळी दव वाळल्यावर किंवा दुपार कलल्यावर. आपल्याकडे उघाड पडली की अकरालाच पानं मलूल होतात, छिद्रं मिटतात, थेंब जागीच वाळतो. बारा तासांत पाऊस आला तर परत मारावं लागतं. तोंडाला फडकं, हातात मोजे.

एकदा मजुरी वाचवायला मी त्यात मावा-तुडतुड्यांचं औषध मिसळलं. तिसऱ्या पंपाला नोझल तुंबलं. झाकण उघडलं तर तळाशी दह्यासारख्या गाठी. चूक माझीच. आता आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात दोन्ही मिसळतो आणि अर्धा तास ठेवतो. साका बसला किंवा फाटलं तर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी.

शेजाऱ्याचं ऐकून पूर्ण रान बाटलीवर सोडू नका. मी कपाशीची बारा तासं, म्हणजे ओळी, आखली होती: चार नेहमीच्या युरियाची, चार निम्मा युरिया अधिक फवारणीची, चार नुसत्या बाटलीची. टोकाला रंगीत चिंध्या बांधल्या. वेचणीला बायांना तीन वेगळी गाठोडी करायला सांगितलं, तर त्या हसल्या. काट्यावर पहिली दोन जवळपास सारखी भरली. तिसरं उचलतानाच हलकं लागलं. एका शेतावरून नियम निघत नाही, पण यंदा माझ्या रानात मधल्या चार ओळींचीच रीत सगळीकडे आहे.