रंग, गंध आणि फुलपाखरं: घरच्या बागेत कोणती झाडं लावावीत?

नर्सरीत जाण्याआधी गच्चीत किंवा अंगणात कुठे किती तास ऊन पडतं ते पाहून ठेवा. मोगरा, जास्वंद, लिंबू, मधुमालती यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. कमी मिळालं तर झाड मरत नाही, नुसतं पानांनी भरतं. मग फुलं नाहीत म्हणून लोक नत्राचं खत वाढवतात आणि पानं आणखी माजतात.

रोप निवडताना फुलं मोजू नका, फुलाच्या मधोमध पाहा. गेंदेदार जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल भरगच्च दिसतं, पण मधमाशीला पराग जेमतेम मिळतो आणि मधापर्यंत पोचायला वाटही राहत नाही. एकेरी लाल जास्वंद घ्या. शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, तिच्यावर येतात. मात्र जास्वंदीला पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) फार लागतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फांद्या धुवा, तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. एवढी देखभाल जमणार नसेल तर हमेलिया हे नारिंगी फुलांचं झुडूप लावा. ते चिवट आहे, बराच काळ फुलतं आणि शिंजिरांना तितकंच आवडतं.

सुगंधासाठी पहिला मान मोगऱ्याचा. त्याला कळ्या नव्या फुटीवर धरतात, म्हणून छाटणीची हयगय नको. जानेवारीच्या अखेरीस आठ-दहा दिवस पाणी कमी करा, फांद्या एक तृतीयांश छाटा, १२ इंची कुंडीत दोन मुठी कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी पुन्हा सुरू करा. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण बरं.

रातराणी झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून लांब लावा. तिचा वास अनेकांना सहन होत नाही. मधुमालतीला मजबूत मांडव लागतो, पण तिच्याइतकं एकाच वेलीत कोण देतं? संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल पुढच्या एक-दोन दिवसांत गुलाबी, मग लाल होतं. रात्रीच्या गंधावर पतंग येतात.

फुलपाखरांसाठी नुसता मध पुरत नाही, अळ्यांना पानं लागतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन येतं, हळदीकुंकू नावाच्या फुलझाडावर प्लेन टायगर. (हळदीकुंकवाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.) घाणेरीवरही फुलपाखरं झुंबड करतात, तरी ती लावू नका, पक्षी तिची फळं खाऊन बी रानात पसरवतात.

लिंबाची दोन रोपं ठेवा, कारण एक तर अळ्या बोडकं करतील. रोप घेताना कीटकनाशक मारलंय का ते विचारा. मुळातून शोषलेलं औषध पानांत बरेच दिवस राहतं आणि अळ्या मरतात. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून लोक ती झाडून टाकतात. तसं करू नका. मोठी झाली की ती हिरवी होते. या झाडांवर नीमतेलही नको. कोश दिसला की ती फांदी छाटू नका, कुंडी हलवू नका. साधारण दहा-पंधरा दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा, फुलपाखरू बाहेर पडतं आणि पंख वाळेपर्यंत तिथेच लटकून राहतं.