बाथरूमच्या फिटिंगवरून ठेकेदाराशी वाद झाला तर काय करावे

नव्या घराच्या कामात सर्वांत चिवट वाद बाथरूमवरून होतात. पाइप भिंतीत जातात, त्यावर प्लास्टर, त्यावर टाइल. कमोड आणि नळ येतात अगदी शेवटी, आणि तेव्हा कळतं की माप चुकलंय. ठेकेदार म्हणतो, ‘पार्टीने माल उशिरा आणला’. प्लंबर म्हणतो, ‘टाइलवाल्याने भिंत बाहेर काढली’. दुकानदार म्हणतो, ‘माल बरोबर आहे, फिटिंग बघा’. या तिघांच्या टोलवाटोलवीत पैसे जातात घरमालकाचे, म्हणून तयारी टाइल लागण्याआधीच करायला हवी.

१. माल आधी ठरवा

कमोड, डायव्हर्टर (शॉवर आणि नळाकडे पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा कॉक), मिक्सर, गिझर यांचे मॉडेल पाइप टाकण्याआधी पक्के करा. शक्य असेल तर डायव्हर्टरची भिंतीतली बॉडी आणि कमोडचा मापांचा कागद प्लंबरच्या हातात द्या. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांतून बहुतेक भांडणं निघतात.

सर्वांत जास्त चुकतं ते कमोडचं माप. एस-ट्रॅप कमोडचा आउटलेट जमिनीत जातो आणि त्याचं भिंतीपासूनचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं; बाजारात ९ इंच आणि १२ इंच ही मापं नेहमी दिसतात. हे अंतर तयार टाइलपासून मोजायचं असतं. प्लंबरने विटांच्या भिंतीपासून मोजलं, तर प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच सहज खातात आणि कमोड भिंतीला टेकतो. पी-ट्रॅपचा आउटलेट भिंतीत जातो, तिथे तयार फरशीपासूनची उंची बघायची.

डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं. त्यावर किंवा सोबतच्या कागदावर टाइलची पातळी कुठून कुठपर्यंत चालेल याच्या खुणा असतात. टाइल लावणाऱ्याला त्या स्वतः दाखवा. प्लंबर आणि टाइलवाला एकाच वेळी साइटवर नसतात, म्हणून हा निरोप मध्येच गळतो.

२. कागदावर घ्या

मोठा करारनामा नसला तरी एक पान हवंच. फिटिंग बसवण्याची मजुरी कोटेशनमध्ये आहे की वेगळी? अँगल कॉक, कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप, सिलिकॉन कोणी आणायचं? माप चुकलं तर टाइल फोडून परत लावण्याचा खर्च कोणाचा? आणि शेवटची दहा टक्के रक्कम सगळी फिटिंग चालवून पाहिल्यानंतरच मिळेल, हे वाक्य नक्की घाला. पूर्ण पैसे हातात पडलेल्या ठेकेदाराला परत बोलावणं फार कठीण जातं.

३. टाइलआधी तपासा

हे कितीही घाई असली तरी सोडू नका. पाइपलाइनला पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि दाब दाखवणारा काटा खाली येतो का ते ठेकेदारासमोर बघा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या मजल्याचं छत तपासा. मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप धरून, म्हणजे पाइप कुठून गेलाय आणि किती अंतरावर आहे ते दिसेल. हे फोटो पुढे आरसा किंवा टॉवेल रॉडसाठी भोक पाडतानाही उपयोगी पडतात.

टाइलची एक पेटी जास्तीची घेऊन ठेवा. पुढच्या लॉटमध्ये रंगछटा बदलू शकते, आणि दुरुस्तीची वेळ आली तर तोच वादाचा नवा मुद्दा होतो.

४. चूक सापडली तर

आधी काम थांबवा. चुकीच्या डायव्हर्टरवर पुढची फिटिंग चढली की जबाबदारी कोणाची हे सांगता येत नाही. फोटो काढा आणि फोनवर बोलणं झालं तरी लगेच लेखी पाठवा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार भाऊ, मास्टर बाथरूमचा डायव्हर्टर टाइलच्या फार आत गेला आहे, प्लेट बसत नाही. फोटो सोबत आहेत. शनिवारपर्यंत येऊन पाहा आणि दुरुस्ती कधी करणार ते लिहून कळवा.’

यात आरोप नाही, मुदत आहे. साइटवर मजुरांसमोर ठेकेदाराला बोललात, तर तो माणूस चूक कबूल करण्याऐवजी इज्जत वाचवायला बघतो.

मग खरोखर फोडावं लागणार आहे का, हे बघा. आत गेलेल्या डायव्हर्टरला अनेक कंपन्यांचे एक्स्टेन्शन किट मिळतात. मिक्सर थोडा तिरका असेल तर त्याच्या वाकड्या जोडण्या फिरवून सरळ होतो. पण नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीकडे, उतार नसेल, फरशीवर पाणी साचत असेल, तर मलमपट्टी मान्य करू नका. तिथे फरशी उखडून उतार नीट करायलाच हवा. कमोडला ऑफसेट कनेक्टर (जागा जुळत नसताना लावायचा वाकडा जोड) लावून निभावून नेण्याबाबतही मी सावध राहीन. मैला जाणारा मार्ग वाकडा झाला की तुंबण्याचा धोका वाढतो.

दोष मालाचा की बसवण्याचा, यावर अडलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा आणि त्याचा शेरा लेखी घ्या. त्यासाठी बिल आणि वॉरंटी कार्ड जपलेलं हवं.

५. ऐकतच नसेल तर

फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल आणि फिटिंग त्याचीच असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १४(३) तुमच्या बाजूने आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. दोन्ही बाजू तयार असतील तर तिथे सलोखा मंचही आहे. तुम्ही ताब्यानंतर बाथरूम स्वतः बदललं असेल, तर बिल्डर त्यावर बोट ठेवणार हे गृहीत धरा.

ठेकेदार तुम्ही स्वतः नेमला असेल, तर मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने काम झालं नाही, तर लेखी नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात जा. कामाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची असते. दुसऱ्या प्लंबरकडून काम नीट करून घेणार असाल, तर फोडण्याआधीचे फोटो, त्या प्लंबरचा लेखी अंदाज आणि पक्कं बिल घ्या, कारण भरपाईचा आकडा आयोगापुढे त्यावरूनच मांडता येतो.