डोमेनचं नाव आणि गुगलमधला क्रमांक: घेताना, जपताना, बदलताना

डोमेनच्या (म्हणजे साइटच्या पत्त्याच्या) नावात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात तो शब्द, कोंबला की साइट वर चढते, हा समज अजून गेलेला नाही. एकेकाळी त्यात तथ्य होतं, म्हणूनच ‘स्वस्त-अमुक-ऑनलाइन-पुणे’ छापाच्या नावांचं पीक आलं. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने खास या नावांसाठी बदल केला आणि कंपनीचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी तो जाहीर केला. नाव शोधशब्दाशी तंतोतंत जुळतं पण आत माल नाही, अशा साइट तेव्हापासून खाली गेल्या. आज नुसत्या नावाने जवळपास काहीच पदरात पडत नाही. उलट नाव घेताना, सांभाळताना आणि बदलताना होणाऱ्या चुकांनी मात्र आहे तो क्रमांकही जातो. वेळ खर्चायचाच तर तिथे खर्चावा.

नाव

समजा तुम्ही रत्नागिरीहून हापूस विकता आणि नाव घेतलंत ‘रत्नागिरी हापूस’. गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक तुम्हाला शोधायला हेच दोन शब्द टाकणार आणि त्याच्यापुढे जिल्ह्यातले सगळे विक्रेते उभे राहणार. वेगळं, स्वतःचं नाव असेल तर तेच गिऱ्हाईक ते नाव टाकून थेट तुमच्याकडे येतं. नावावरून होणारा शोध हा सगळ्यात हक्काचा, कारण तिथे स्पर्धा जवळपास नसते. कीवर्ड पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात असू द्या; त्याची जागा ती आहे.

मराठी नावाची खरी अडचण रोमन स्पेलिंगची. ‘झणझणीत’ हा शब्द घ्या. ‘झ’साठी कुणी नुसता झेड लिहील, कुणी झेड-एच, कुणी जे-एच. ‘णी’साठी एक आय किंवा दोन ई. म्हणजे सरळसरळ सहा स्पेलिंगं झाली, आणि सहाही बरोबरच वाटतात. ‘व’ आला की व्ही की डब्ल्यू हा प्रश्न येतो, ‘ळ’ आला की एल. म्हणून नाव पक्कं करण्याआधी पाच जणांना ते फोनवर सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठवायला लावा. पाचांत तीन वेगळी स्पेलिंगं आली तर नाव बदला. तेच हवं असेल तर जास्त संभवणारी एक-दोन स्पेलिंगं विकत घेऊन मुख्य डोमेनकडे ३०१ रिडायरेक्ट करा, म्हणजे कायमची वळवा. त्यांवर साइटची दुसरी प्रत चढवू नका. एकाच मजकुराचे दोन पत्ते झाले तर कोणता दाखवायचा हे गुगल ठरवतं आणि तुम्हाला नको तोच निवडू शकतं.

हायफनने क्रमांक घसरत नाही, पण ‘मध्ये डॅश आहे बरं का’ हे प्रत्येक फोनवर सांगावं लागतं. एकापेक्षा जास्त हायफन नकोतच.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत

डॉट इन म्हणजे ‘ही साइट भारतासाठी’ असा ठळक संकेत. डॉट सीओ डॉट इनचंही तेच. २००५ पासून थेट डॉट इन सगळ्यांना मिळू लागलं, त्यामुळे आता लांबलचक रूप घेण्याचं कारण उरलेलं नाही. गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इन उत्तम. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही माल पाठवायचा असेल तर डॉट कॉम घ्या. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं मोफत साधन) पूर्वी डॉट कॉमला हाताने देश नेमून देता यायचा. ती सोय २०२२ मध्ये बंद झाली. आता देशवार किंवा भाषावार पानं असतील तर एचरेफलँग टॅग (कोणतं पान कोणत्या देशासाठी किंवा भाषेसाठी ते सांगणारे) लावावे लागतात. डॉट आयओ, डॉट एआय, डॉट सीओ ही कागदोपत्री देशांची एक्स्टेन्शनं, पण गुगल त्यांना डॉट कॉमसारखंच सामान्य धरतं. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरे नव्यांना ना बढती ना शिक्षा. फक्त घेताना दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर बघा, पहिल्या वर्षीचा दर बऱ्याचदा गळ असतो.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठी व कोकणीही येतात. शोधात त्याला अडथळा नाही, गुगल ते नीट वाचतं. अडचण रोजच्या वापरात येते. ब्राउझरच्या पट्टीत नाव सुबक देवनागरीत दिसतं, पण तेच कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की अनेकदा ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणारी अगम्य अक्षरं उमटतात. लोक अशा लिंकवर बोट ठेवायला कचरतात. काही फॉर्म त्यावरचा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. आणि ‘हापूस’ की ‘हापुस’ हा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ देवनागरीतही सुटत नाही. घ्यायचं तर जरूर घ्या, पण मुख्य पत्ता रोमन ठेवून त्याकडे वळवा.

आधी कुणाचं होतं?

रिकामं दिसणारं नाव पूर्वी कुणी वापरून सोडलेलं असू शकतं. डोमेनचं वय हा क्रमांक ठरवणारा मुद्दा नाही. जुगाराच्या जाहिरातींचा इतिहास मात्र मानगुटीवर बसतो. पैसे भरण्याआधी एवढं बघा:

१. वेबॅक मशीनवर (साइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहावर) नाव टाकून वर्षावर्षाची पानं उघडा. मराठी किराणा दुकानाच्या नावावर मध्येच दोन वर्षं चिनी किंवा जपानी मजकूर, औषधं किंवा सट्टा दिसला तर नाव सोडा.
२. गुगलवर ‘साइट’, कोलन आणि लगेच डोमेन (मध्ये जागा न सोडता) लिहून शोधा. जुनी, विचित्र पानं आली तर समजा की साइट हॅक झालेली असावी.
३. गुगलच्या सेफ ब्राउझिंग तपासणीत (धोकादायक साइट दाखवणारी) आणि स्पॅमहाउसच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत नाव आहे का ते बघा. दुसरी तपासणी ईमेलसाठी. तिथे नाव अडकलं असेल तर तुमची बिलं स्पॅममध्ये जातील.

खरेदी झाली की त्याच दिवशी डीएनएसमध्ये (डोमेन कोणत्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद, घालून सर्च कन्सोलमध्ये मालकी सिद्ध करा आणि ‘मॅन्युअल ॲक्शन’ (गुगलने साइटला केलेल्या शिक्षेचं पान) उघडा. जुन्या मालकाला झालेली शिक्षा तुमच्याकडे वारशाने येते. साइट स्वच्छ करून फेरविचाराची विनंती करावी लागते. ‘रिमूव्हल्स’ हे पानं शोधातून काढण्याच्या विनंत्यांचं पानही बघा. जुन्या मालकाने पानं लपवण्याची विनंती केलेली असेल तर ती साधारण ६ महिने लागू राहते आणि नवी साइट का दिसत नाही याचा पत्ता लागत नाही.

मुदत संपलेलं जुनं, नावाजलेलं डोमेन केवळ त्याच्या बॅकलिंकसाठी (इतर साइटवरून त्याकडे येणाऱ्या लिंकसाठी) विकत घेऊन त्यावर भलताच मजकूर टाकायचा, हा धंदा कुणी सुचवला तर हात जोडा. मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम धोरणात त्याला स्वतंत्र कलम आहे.

एकाच नावाची चार रूपं

एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना: चारही पत्ते टाइप करून बघा. तीन पत्ते एकाच टप्प्यात चौथ्यावर जायला हवेत. तो चौथा एचटीटीपीएसचाच असू द्या; डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवता की नाही याने क्रमांकात फरक पडत नाही. ब्लॉग सबडोमेनवर (नावाच्या आधी ‘ब्लॉग’ आणि डॉट) ठेवायचा की फोल्डरमध्ये (नावानंतर तिरकी रेघ आणि ‘ब्लॉग’), यावर लोक हिरिरीने भांडतात. गुगलला दोन्ही चालतं. लहान साइटला फोल्डर बरा, कारण एकच जागा सांभाळावी लागते.

डोमेन बदलायचं असेल तर

खरं नुकसान इथे होतं, आणि बहुतेकदा रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) ‘फॉरवर्डिंग’ बटणामुळे. ते दाबलं की काम झालंसं वाटतं, पण चार गोष्टी तपासायच्या राहतात. रिडायरेक्ट ३०१ आहे की ३०२. ३०२ म्हणजे तात्पुरतं. आतलं पान आतल्या पानावर जातं की सगळं होमपेजवर आदळतं. जुन्या डोमेनला एसएसएल प्रमाणपत्र (एचटीटीपीएससाठी लागणारं) आहे का. नसेल तर जुन्या एचटीटीपीएस लिंकवर रिडायरेक्टच्या आधीच सुरक्षेचा इशारा येतो. आणि ‘मास्किंग’ (पट्टीत जुनाच पत्ता ठेवून आत नवी साइट दाखवणं) तर चालू नाही ना. त्यापेक्षा जुनं डोमेन होस्टिंगवरच ठेवून सर्व्हरवर नियम लिहावेत.

क्रम असा ठेवा. जुन्या पत्त्यांची यादी साइटमॅप (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल), सर्व्हरचे लॉग (भेटींची नोंदवही) आणि सर्च कन्सोल या तिन्हींतून काढा; सर्च कन्सोलच्या पडद्यावरून एका वेळी १,००० ओळीच उतरवता येतात, त्यामुळे एकट्या त्यावर विसंबू नका. प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. जोडीच नसलेली पानं खुशाल ४०४ (‘पान सापडलं नाही’) होऊ द्या. ती होमपेजवर ढकलली तरी गुगल त्यांना बंद पानच समजतं. हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ साठवली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. हलवल्यावर कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारा), आतल्या लिंक आणि साइटमॅप नव्या नावाने करा, मग सर्च कन्सोलमधलं ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ वापरा. त्याचा परिणाम १८० दिवस राहतो. रिडायरेक्ट निदान एक वर्ष, आणि जमलं तर कायमचे ठेवा.

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं नव्या नावाने दिसायला काही आठवडे लागतात. तोवर आकडे वरखाली होणारच. घाबरून रिडायरेक्ट उलटे फिरवू नका, आणि त्याच आठवड्यात डिझाइनही बदलू नका. घसरण झाली तर कशामुळे ते कळणार नाही. महिना उलटूनही काहीच हललं नाही तर दोन संशयित आधी धरा: जुन्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी काय वाचावं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, बंदी (मग गुगलला रिडायरेक्ट दिसतच नाही), आणि वर्डप्रेसमध्ये चाचणीच्या वेळी टिक केलेला, सर्च इंजिनांना थांबवणारा पर्याय.

नूतनीकरण

डोमेन एक वर्षासाठी घ्या किंवा दहा, क्रमांकावर परिणाम नाही. दहाचा फायदा एवढाच की विसरायचा धोका कमी. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका; डोमेन बंद पडलं की मेल बंद आणि नूतनीकरणाची आठवणही तिथेच अडकते. खातं साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असेल (लहान धंद्यांत हे सर्रास असतं) तर हिशेब चुकता करण्याआधी ते आपल्या नावावर करून घ्या. डॉट कॉमची मुदत गेली तर रजिस्ट्रारच्या सवलतीच्या दिवसांनंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, तोही दंड भरून. त्यापुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव खुल्या बाजारात जातं. तुमच्या बॅकलिंकवर डोळा ठेवून बसलेले लोक त्याच दिवसाची वाट बघत असतात.