ऑनलाईन नंबरचा चष्मा मागवताय? ऑर्डर मारायच्या आधी या चुका टाळा

ऑनलाईन चष्मा स्वस्तात येतो आणि चांगला टिकतो पण, फक्त ऑर्डर करताना जे आकडे टाकतो ते बरोबर पाहिजेत. बरेच जण आधी फ्रेम बघतात, आवडली की पैसे भरायच्या वेळेला नंबरचा कागद शोधतात, तो सापडतो दोन वर्षांपूर्वीचा आणि तोच टाकून देतात. आधी डोळे तपासून घ्या. घरात कुणाला शुगर असेल आणि ती सध्या वरखाली होत असेल तर थोडं थांबा, शुगर वाढली की चष्म्याचा नंबर पण तात्पुरता बदलतो, त्या दिवसातला नंबर टाकून बनवलेला चष्मा शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर लागत नाही.

आता तो कागद. त्यावर एसपीएच (मुख्य नंबर), सीवायएल (सिलेंडर नंबर), अ‍ॅक्सिस असे रकाने असतात. नंबर 0.25 च्या टप्प्यानं जातो, म्हणजे -1.25 असतं, -1.50 असतं, -1.30 नसतं, तसं वाचायला आलं तर डॉक्टरचं अक्षर नीट लागलं नाही असं समजा आणि दवाखान्यात फोन करून विचारा, अंदाजानं टाकू नका. प्लस मायनस दोनदा बघा, मोबाईलवर -2.00 च्या जागी +2.00 सिलेक्ट व्हायला काही वेळ लागत नाही. सिलेंडर नंबर असेल तर अ‍ॅक्सिस पाहिजेच, सिलेंडर कोणत्या कोनात बसवायचा ते सांगणारा 1 ते 180 मधला आकडा असतो तो. दोन दवाखान्यातले कागद वेगळे दिसले तरी कधी कधी नंबर एकच असतो, उदाहरणार्थ -1.00 ला सिलेंडर -0.50 अ‍ॅक्सिस 180, आणि -1.50 ला सिलेंडर +0.50 अ‍ॅक्सिस 90, हे दोन्ही एकच, लिहायची पद्धत वेगळी. पण अर्धं या कागदावरचं आणि अर्धं त्या कागदावरचं उचललं तर सगळंच चुकतंय.

चाळिशीच्या चष्म्यात सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण आपल्याकडं बऱ्याच कागदांवर लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर पूर्ण लिहिलेले असतात आणि वेबसाईट मागते 'अ‍ॅड'. अ‍ॅड म्हणजे दोन्हीतला फरक. लांबचा +0.50, जवळचा +2.00, तर अ‍ॅड +1.50. तिथं सरळ +2.00 टाकलं तर जवळचा नंबर +2.50 होऊन बसतो, मग आईला पेपर वाचायला नाकाजवळ धरावा लागतो आणि तिला वाटतं डोळेच बिघडले. घरच्यांसाठी मागवताना हे जरूर बघा.

पीडी म्हणजे दोन बुबुळांच्या मधलं अंतर, मोठ्या माणसांचं साधारण 54 ते 74 मिलिमीटर. कागदावर बहुतेक वेळा नसतो आणि लोक सोडून देतात. नंबर कमी असेल तर थोडं इकडं तिकडं चालून जातं, पण -4, -5 च्या पुढं भिंगाचा मध्य बुबुळासमोर आला नाही की डोकं दुखायला लागतं. डोळे तपासायला जाल तेव्हाच लिहून मागा. नाहीच मिळाला तर एटीएम कार्ड कपाळाला लावून फोटो काढा, कार्डाची रुंदी 85.6 मिलिमीटर असते, त्या मापावरून अंतर काढता येतं. कार्डाचा नंबर दिसणार नाही अशी बाजू पुढं ठेवा, फोटो दुसऱ्या कुणाला तरी थोडं लांबून काढायला सांगा आणि नजर लांब ठेवा, जवळ बघताना बुबुळं आत वळतात आणि आकडा कमी येतो.

फ्रेमचं माप घरातच असतंय. जुन्या चष्म्याच्या दांडीच्या आत 52-18-140 असं काहीतरी छापलेलं असतं, भिंगाची रुंदी, नाकावरचा पूल, दांडीची लांबी. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याच्या आसपासचंच माप घ्या. मायनस नंबर मोठा असेल तर मोठ्या फ्रेमच्या नादी लागू नका, कडा जाड दिसतात आणि वजन वाढतं. लहान फ्रेम घेतली तर महागडं पातळ भिंग घ्यायची गरज पण कमी होते, ते पैसे वाचतात.

टिकाऊपणाचं बोलायचं तर सोलापूरचं ऊन आणि धूळ लक्षात घेऊनच घ्या. टीआर90 या लवचिक प्लास्टिकची फ्रेम हलकी असते, वाकली तरी सहज तुटत नाही, रोजच्या वापराला मला तीच बरी वाटते. घामानं चष्मा घसरत असेल तर नाकावर ॲडजस्ट होणारे पॅड असलेली बघा. उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो तेव्हा उन्हात लावलेल्या कारच्या डॅशबोर्डवर किंवा गाडीच्या डिकीत चष्मा अजिबात ठेवू नका, भिंग आणि त्याच्यावरचं कोटिंग उष्णतेनं सारखं फुगत नाही, त्यामुळं कोटिंगला बारीक बारीक भेगा पडतात आणि त्या कितीही पुसलं तरी जात नाहीत. लूमवर काम करणाऱ्यांच्या चष्म्यावर सुताची धूळ बसलेलीच असते, तो टॉवेलनं कोरडा पुसला की ओरखडे पडलेच. आधी साध्या पाण्याखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब लावा, मग मऊ कापडानं पुसा, बोअरचं पाणी असेल तर वाळू न देता लगेच, नाहीतर डाग राहतात. गरम पाणी आणि सॅनिटायझर नको.

ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारं भिंग, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले, स्क्रीनमुळं येणारा डोळ्यांचा ताण त्यानं कमी होतो असं काही दिसलं नाही. त्यापेक्षा चांगलं हार्ड कोट (ओरखडे कमी पडतात) आणि अँटीग्लेअर (चमक कमी होते) कोटिंग घ्या. मुलांना पॉलीकार्बोनेटचं भिंग, कारण ते सहज फुटत नाही. लहान मुलांचा आणि प्रोग्रेसिव्हचा (एकाच भिंगात लांबचा-जवळचा नंबर, मधे रेघ नसते तो) चष्मा मात्र दुकानातच बनवावा असं माझं ठाम मत आहे, प्रोग्रेसिव्हमध्ये फ्रेम चेहऱ्यावर बसवून बुबुळाची उंची मोजावी लागते, ते घरबसल्या नीट जमत नाही.

पार्सल आलं की चष्मा घेऊन नवी पेठेतल्या किंवा घराजवळच्या दुकानात जा, मशीनवर नंबर तपासून द्या म्हणा, दांड्या पण सेट करून घ्या आणि त्यांचे जे काय पैसे होतील ते द्या, त्यांचं काम आहे ते. नवीन नंबरला डोळे सरावायला काही दिवस लागतात, पण आठवडा झाला तरी एका डोळ्यानं धूसर दिसतंय किंवा डोकं दुखतंय तर वाट बघत बसू नका, रिटर्नची मुदत संपायच्या आत कळवा. नंबरची भिंगं परत घेतात का हे ऑर्डरच्या आधीच वाचून ठेवा, मशीनवर आलेले आकडे आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तरी ऐकत नसतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते.