अमेरिकेत शिक्षक आहात आणि स्टुडंट लोन माफ करून घ्यायचंय? मग या चुका टाळा

आपल्या मराठी मंडळातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या इतक्या शिक्षकांचे लोनचे कागद आत्तापर्यंत बघून झालेत की फोनवर 'ताई, ते लोन माफीचं जरा विचारायचं होतं' एवढं ऐकलं की पुढे काय येणार ते कळतं. चुका ठरलेल्या आहेत. चांगली शिकलेली, हुशार माणसं, वर्गात पंचवीस पोरं सांभाळणारी, आणि स्वतःच्या लोनच्या बाबतीत मात्र 'मैत्रिणीने असं केलं म्हणून मी पण केलं'. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ही माफी फक्त फेडरल, म्हणजे अमेरिकन सरकारच्या लोनला आहे. पुण्यातल्या बँकेतून एज्युकेशन लोन घेऊन आलात, किंवा इथे स्टुडंट व्हिसावर असताना प्रायव्हेट लेंडरकडून घेतलं, तर इथे कितीही वर्षं शिकवा, या योजनांमधून एक डॉलर माफ होणार नाही. जे-वन किंवा एच-वन व्हिसावर येऊन शिकवणाऱ्यांना मुळात फेडरल लोन मिळतच नाही. हे सगळं आहे ते ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आल्यावर इथे मास्टर्स किंवा टीचिंगचं सर्टिफिकेशन केलेल्यांसाठी, आणि इथेच जन्मून शिक्षक झालेल्या आपल्या मुलांसाठी. आपलं लोन कुठलं ते माहीत नसेल तर स्टुडंटएड डॉट गव्ह वर लॉगिन करा. तिथे दिसत नसेल तर ते फेडरल नाही, विषय संपला.

आता सगळ्यात महागडी चूक.

पाच वर्षं झाली की लगेच पाच हजार घेणं

टीचर लोन फॉरगिवनेस नावाची एक योजना आहे. गरीब मुलांचं प्रमाण जास्त असलेल्या, सरकारी यादीत नाव असलेल्या शाळेत सलग पाच पूर्ण शैक्षणिक वर्षं फुल-टाइम शिकवलं की लोनमधले काही पैसे माफ. हायस्कूल पातळीवर गणित किंवा सायन्स शिकवणारे आणि कुठल्याही इयत्तेचे स्पेशल एज्युकेशनचे शिक्षक यांना १७,५०० डॉलरपर्यंत, बाकी सगळ्यांना ५,००० पर्यंत. दुसरी योजना पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिवनेस, २००७ च्या कायद्याने आलेली. सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट नोकरीत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं सगळं माफ, वर मर्यादा नाही, आणि त्यावर फेडरल टॅक्सही नाही. पब्लिक स्कूलचा शिक्षक दोन्हीत बसतो.

इथेच लोक घसरतात. तीच पाच वर्षं दोन्हीकडे मोजता येत नाहीत. पहिल्या योजनेचे पैसे घेतलेत की त्या पाच वर्षांतले ६० हप्ते पीएसएलएफच्या हिशोबातून गेले.

आमच्या ओळखीतली एक ताई, मिडल स्कूलला इंग्लिश शिकवते. लोन ५८,००० च्या आसपास, इन्कमवर ठरणारा हप्ता ३१० डॉलर, पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेले. स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं की पाच वर्षं झाली की पैसे मिळतात, हिने त्याच आठवड्यात फॉर्म भरला, सही घेतली, पाठवला. ५,००० माफ झाले, घरी आनंदीआनंद. वर्षभराने पीएसएलएफचा हप्ते मोजणारा काउंटर बघितला तर ती पाच वर्षं गायब. मग मला फोन. मी वही घेऊन बसले आणि तिला आकडे वाचून दाखवले. फॉर्म पाठवला नसता तर अजून पाच वर्षांनी सगळं लोन संपलं असतं. आता दहा वर्षं. म्हणजे ३१० चे आणखी ६० हप्ते, १८,६०० डॉलर. पाच हजार मिळवायला अठरा हजार सहाशे. तिने सर्व्हिसरला, म्हणजे लोनचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, कितीतरी फोन केले, प्रत्येक वेळी उत्तर एकच, मॅडम तुम्हीच अर्ज केलात. खरंय ना, तिनेच केला होता. पण फॉर्मवर सही करायच्या आधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसली असती तर हे झालं नसतं, आणि मला राग येतो तो या घाईचा. पाच वर्षं धीराने शिकवता आणि आकडेमोड करायला अर्धा तास नाही?

मी काय सांगते ते ऐका. लोन छोटं असेल आणि तुम्ही गणित, सायन्स किंवा स्पेशल एडवाले असाल, समजा १८-१९ हजार शिल्लक, तर १७,५०० घ्या आणि मोकळे व्हा, पीएसएलएफच्या नादी लागू नका. लोन मोठं आणि तुम्ही ५,००० वाल्या गटात, तर त्या पाच हजारांकडे बघूसुद्धा नका. मधल्या केसेसना दोन्ही हिशोब कागदावर मांडून बघायचे. ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत, पण मी अजून हातानेच करते, कारण हाताने केलं की कळतं पैसा कुठे चाललाय.

'कर्ज डोक्यावर नको' ही सवय

ही आपल्या घरांमधली खास चूक. कर्ज लवकर फेडावं, व्याज वाचवावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय आणि घराच्या लोनला ते बरोबरच आहे. पण पीएसएलएफमध्ये जास्त भरलेला प्रत्येक डॉलर वाया. कारण शेवटी जे माफ होणार होतं तेच तुम्ही स्वतःच्या खिशातून भरताय. बोनस आला, टॅक्स रिफंड आला की टाक लोनमध्ये, असं करणारी जोडपी मी बघितलीत, आणि त्यांना थांबवताना माझी दमछाक होते, कारण सासऱ्यांपासून सगळे म्हणतात बरं केलं.

याच सवयीतून पुढची आणि त्याहून वाईट चूक होते, ती म्हणजे रिफायनान्स. मेलवर ऑफर येते, व्याज दीड-दोन टक्क्याने कमी, पाच मिनिटांत अप्रूव्हल. एका ओळखीच्या मुलाने असं केलं, हायस्कूलला फिजिक्स शिकवायचा, सलग चौथं वर्ष चालू होतं. रिफायनान्स म्हणजे प्रायव्हेट कंपनी तुमचं फेडरल लोन फेडून टाकते आणि तुमच्या नावावर नवीन प्रायव्हेट लोन चढतं. त्याला ना १७,५००, ना पीएसएलएफ, ना इन्कमवर हप्ता. परत फेडरल करता येत नाही. पाचवं वर्ष संपेपर्यंत थांबला असता तर त्याचं जवळजवळ सगळं लोन गेलं असतं. त्याने व्याजदर बघितला, बाकी काही बघितलं नाही. शिक्षकी सोडायचा पक्का विचार असेल तर जरूर करा रिफायनान्स, नाहीतर ती मेल डिलीट करा.

हप्त्याचा प्लॅन आणि नवऱ्याचा पगार

दहा वर्षांच्या स्टँडर्ड प्लॅनचे हप्तेही पीएसएलएफमध्ये मोजले जातात, म्हणून लोक निवांत त्यावर राहतात. पण १२० हप्ते म्हणजे दहाच वर्षं ना? दहा वर्षांच्या प्लॅनवर १२० हप्ते भरले की माफ करायला उरणार काय? शून्य. माफी हवी तर इन्कमवर ठरणाऱ्या प्लॅनमध्ये असायलाच हवं.

आणि तिथे आपल्याकडचा नेहमीचा सीन म्हणजे बायको टीचर, नवरा आयटीत. टॅक्स जॉइंट भरला की हप्ता दोघांच्या मिळून इन्कमवर निघतो आणि एवढा फुगतो की माफीला काही शिल्लक राहत नाही. आयबीआर या इन्कमवर ठरणाऱ्या प्लॅनमध्ये वेगवेगळे रिटर्न भरले तर फक्त तुमचा पगार धरतात. त्यात टॅक्सचे काही फायदे हातचे जातात, म्हणून वर्षाला टॅक्स किती वाढतो आणि हप्ता किती कमी होतो हे सीपीएकडून (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटकडून) शेजारी शेजारी लिहून घ्या. सीपीएच्या नुसत्या 'जॉइंटच चांगलं असतं' यावर विश्वास ठेवू नका, तो तुमच्या लोनचा विचार करून बोलत नसतो.

आता प्लॅन्सचीच उलथापालथ चाललीय. सेव्ह हा इन्कमवर ठरणारा प्लॅन कोर्टात अडकला आणि त्यातल्या लोकांना फॉरबेअरन्समध्ये टाकलं, म्हणजे हप्ते तात्पुरते थांबवले, ते महिने पीएसएलएफमध्ये धरले जात नाहीत. 'हप्ता भरायचा नाहीये, मस्त' म्हणून बसून राहिलेल्यांची वर्षं फुकट गेली. जुलै २०२५ च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून आरएपी हा इन्कमवरचा नवा प्लॅन, आणि सेव्ह, पे, आयसीआर हे इन्कमवरचे जुने प्लॅन १ जुलै २०२८ च्या आत बंद होणार. सेव्हमध्ये असाल तर बाहेर पडा.

बाकीच्या पटापट सांगते.

शाळा टायटल वन (गरीब मुलांसाठी सरकारी मदत मिळणारी) आहे म्हणजे झालं, असं नाही. टीचर लोन फॉरगिवनेससाठी शाळेचं नाव टीसीएलआय डिरेक्टरीत, म्हणजे वर सांगितलेल्या सरकारी यादीत, त्या वर्षी असायला हवं. मी दर सप्टेंबरला लोकांना ते पान प्रिंट करून फाइलला लावायला लावते. एक दिलासा, तुम्ही तिथे असताना एक वर्ष जरी शाळा यादीत होती आणि नंतर वगळली, तरी तिथली पुढची वर्षं धरतात.

चार्टर स्कूलवाल्यांनी (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) डब्ल्यू-टू या पगाराच्या टॅक्स फॉर्मवर कोणाचं नाव आणि ईआयएन (एम्प्लॉयरचा टॅक्स नंबर) आहे ते बघा. पगार फॉर-प्रॉफिट कंपनी देत असेल तर पीएसएलएफ नाही, शाळा पब्लिक म्हणवत असली तरी.

उन्हाळ्याची सुट्टी मोजली जाते. कॉन्ट्रॅक्ट किमान आठ महिन्यांचं आणि आठवड्याला सरासरी ३० तास असतील तर वर्ष फुल-टाइमच धरतात. जून-जुलैचे हप्ते थांबवू नका.

तारखा! आपण दिवस आधी लिहितो, इथे महिना आधी. १ सप्टेंबर २०१९ ला नोकरी लागली तर ०९/०१/२०१९. हातातल्या सवयीने ०१/०९/२०१९ लिहिलं की ते ९ जानेवारी होतं, शाळेच्या रेकॉर्डशी जुळत नाही आणि फॉर्म परत येतो. त्यामुळे पीएसएलएफचा फॉर्म स्टुडंटएड डॉट गव्ह वरच्या हेल्प टूलमधूनच भरा, एम्प्लॉयरची सहीही ऑनलाइन होते. आणि दर वर्षी भरा. दहा वर्षांनी एकदम भरू म्हणणाऱ्यांनी २०१८ आठवावं, पहिल्या खेपेचे ९९ टक्क्यांहून जास्त अर्ज नामंजूर झाले होते.

जुनं पर्किन्स लोन (कॉलेजमार्फत मिळणारं फेडरल लोन) असेल तर ते कन्सॉलिडेट करू नका, म्हणजे बाकीच्या लोनमध्ये मिसळून एकच नवं लोन करू नका. त्याची शिक्षकांसाठी वेगळी माफी आहे, पहिली दोन वर्षं १५-१५ टक्के, पुढची दोन २०-२०, पाचव्या वर्षी ३०, म्हणजे सगळंच. कन्सॉलिडेट केलं की ती गेली.

टीच ग्रांट (शिक्षक होणाऱ्यांना मिळणारी फेडरल मदत) घेतली असेल तर आठ वर्षांत चार वर्षं ठरलेल्या विषयात, ठरलेल्या शाळेत शिकवायलाच लागतं, नाहीतर ग्रांटचं लोन होतं आणि व्याज पैसे मिळाल्या दिवसापासूनचं लागतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हे आधी सांगा, 'फ्री पैसे' म्हणून सही करतात.

आईवडिलांनी पॅरेंट प्लस (मुलांच्या शिक्षणासाठी आईवडिलांच्या नावावरचं फेडरल लोन) घेतलं असेल तर पीएसएलएफसाठी नोकरी आईवडिलांची बघतात, शिक्षक झालेल्या मुलीची नाही. टीचर लोन फॉरगिवनेसमध्ये तर प्लस लोन बसतच नाही.

आणि फी घेऊन माफी करून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांचे फोन. सगळे अर्ज फुकट आहेत, सगळे. कोणी एफएसए आयडीचा (स्टुडंटएड डॉट गव्हच्या लॉगिनचा) पासवर्ड मागितला की फोन ठेवा, आणि आधीच दिला असेल तर आज रात्री बदला, मग सर्व्हिसरला फोन करून त्या कंपनीला दिलेलं ऑथरायझेशन काढून टाकायला सांगा.